हप्ता जड जायला लागला की बँकेत आधी जा, नोटीस यायची वाट बघू नका

आमच्या बदलापूरला लोकं घर घेतात ते मुंबईत, ठाण्यात परवडत नाही म्हणून, आणि घेताना घरात जो हिशोब होतो तो साधारण सगळीकडे सारखाच असतो की भाड्याचे सात-आठ हजार जातातच आहेत, त्यात अजून थोडे घालू, हप्ता भरू, निदान वीस वर्षांनी घर तरी आपलं असेल. हा हिशोब चुकीचा नाहीये. पण तो ओव्हरटाइम धरून केलेला असतो, दोघांच्या पगारावर केलेला असतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या दिवशीच्या व्याजदरावर केलेला असतो. मग कधी कंपनीत शिफ्ट कमी होते, कधी घरात आजारपण निघतं, कधी दर वाढतो, आणि बावीस-पंचवीस हजारात घर चालवणाऱ्या माणसाला दहा हजारांचा हप्ता गळ्याशी येतो.

मी एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात काम करते. त्यामुळे बिल्डिंगमधली, ओळखीतली माणसं लोनचे कागद घेऊन माझ्याकडे येतात, ताई जरा बघ ना काय लिहिलंय म्हणून. मला राहून राहून वाईट ह्याचं वाटतं की बहुतेक जण दोन-तीन हप्ते बाउन्स झाल्यावर येतात. तोपर्यंत भिशी उचललेली असते, मंगळसूत्र गोल्ड लोनला गेलेलं असतं, बचत गटाचं कर्ज काढून घराचा हप्ता भरलेला असतो, आणि बँकेत मात्र कोणी एकदाही पाय ठेवलेला नसतो. पहिला हप्ता चुकायच्या आधी गेलं तर मागता येण्यासारखं बरंच असतं. सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, एकदा खराब झाला की त्यातलं अर्धं हातातून जातं. म्हणून मला जेवढं माहिती आहे तेवढं सगळं इथे लिहून ठेवतेय, थोडं लांबेल.

आधी दराचं बघू. कोविडमध्ये मे २०२० पासून मे २०२२ पर्यंत रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक बाकी बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ४ टक्के होता, होम लोन सात टक्क्यांच्याही खाली मिळत होतं, आणि आपल्याकडच्या कितीतरी लोकांनी नेमकं तेव्हाच घर घेतलं. मग फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो ६.५ टक्के झाला. अडीच टक्के म्हटलं की कमी वाटतात, म्हणून आकडे मांडून बघा. १० लाखाचं कर्ज, ६.९ टक्के, २० वर्षं, हप्ता येतो ७,६९३ रुपये. दर ९.४ झाला आणि बाकी मुद्दल ९ लाख ८० हजार असेल तर नुसतं एका महिन्याचं व्याज होतं ७,६७७. म्हणजे माणूस महिनाभर राबून हप्ता भरतो आणि मुद्दलातून १६ रुपये कमी होतात. बँकांनी काय केलं, हप्ता तोच ठेवला आणि मुदत वाढवत नेली, कुणाची पाच वर्षं वाढली, कुणाची त्याहून जास्त, आणि लोकांना वाटत राहिलं की आपलं सगळं ठीक चाललंय कारण खात्यातून पैसे तेवढेच कटतायत.

ह्याच्यावरच रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ ला एक सर्क्युलर काढलं आणि प्रत्येक हप्तेवाल्याला ते माहिती पाहिजे असं मला मनापासून वाटतं. दर बदलला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, की थोडं हे थोडं ते, हे कर्जदाराने निवडायचं, बँकेने परस्पर ठरवायचं नाही. शिवाय बँकेच्या पॉलिसीप्रमाणे फिक्स्ड रेटवर जायचा पर्याय द्यायचा (ऑक्टोबर २०२५ पासून हे बँकेच्या मर्जीवर आहे), आणि दर तीन महिन्यांनी स्टेटमेंट द्यायचं ज्यात आजपर्यंत भरलेलं मुद्दल, भरलेलं व्याज, हप्ता, उरलेले हप्ते आणि वर्षाचा दर हे सगळं असेल. तुमच्याकडे हे स्टेटमेंट येत नसेल तर आजच मागा. बाकी सगळं बोलणं त्या कागदावरून सुरू होतं.

आता उलटी बाजू. २०२५ मध्ये रेपो खाली आला, जूनपर्यंत ५.५ वर. ज्यांचं लोन बँकेचं आहे आणि ऑक्टोबर २०१९ नंतरचं फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराचं, आहे त्यांचं बहुतेक रेपोशीच जोडलेलं असतं, त्यांचा दर आपोआप खाली येतो. पण तेव्हासुद्धा बँक हप्ता तसाच ठेवून मुदत कमी करते, सिस्टिमच तशी असते. ज्याला महिना काढणं जड जातंय त्याने अर्ज देऊन सांगायचं की मुदत राहू दे, माझा हप्ता कमी करा. नेटवर सगळे उलटं सांगतात, मुदत कमी करा, व्याज वाचेल. ते बरोबरच आहे, पण ज्याच्या हातात महिनाअखेरीला शिल्लक राहते त्याच्यासाठी. ज्याच्या घरी वीस तारखेनंतर किराणा उधारीवर येतो त्याला महिन्याला पाचशे-सातशे सुटणं हे पंधरा वर्षांनंतरच्या व्याजापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे, आणि असं म्हटलं म्हणून कुणी त्याला अडाणी समजू नये.

ज्यांचं लोन जुन्या एमसीएलआर किंवा बेस रेटवर, म्हणजे बँकेने स्वतः ठरवलेल्या दरावर, अडकलंय त्यांनी रेपोवर बदलून मागावं. बँकेत एक फॉर्म असतो आणि थोडी फी लागते, पण दरातला फरक बघता ती फी काहीच नाही.

मुदत वाढवण्याबद्दल मात्र एक खरी गोष्ट सांगायला हवी. १० लाखाला ९ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता ८,९९७ येतो, २५ वर्षांचा ८,३९२. म्हणजे महिन्याला सुटतात फक्त सहाशेच्या आसपास, आणि पूर्ण मुदतीत व्याज साडेतीन लाखाहून जास्त वाढतं. म्हणून मुदत वाढवून घ्या, लाजू नका, पण घेताना ठरवून घ्या की दिवस बरे आले की परत कमी करायची आहे. परत कमी करून मागता येते.

अर्ज कसा द्यायचा ह्यावर लोक फार घाबरतात. साध्या कागदावर मराठीत लिहिला तरी चालतो. लोन अकाउंट नंबर, काय झालं (कंपनी बंद, पगार कमी, ऑपरेशन, जे खरं आहे ते), आत्ता मी किती भरू शकतो हा आकडा, आणि काय हवंय. सोबत पुरावा, म्हणजे कंपनीचं पत्र, सहा महिन्यांचं पासबुक, हॉस्पिटलचे कागद. आणि दुसऱ्या कॉपीवर पोच घ्यायची, शिक्का, सही, तारीख. पोच नसेल तर तुम्ही बँकेत गेलाच नव्हता असं धरा. ब्रांचवाले शिक्का द्यायला टाळतात, अशा वेळी तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवायचा आणि ईमेल करायचा.

आमच्या मजल्यावरच्या एका वहिनींचं सांगते. दादांची अंबरनाथ एमआयडीसीतली नोकरी गेली, वहिनी घरी मसाले करून विकायच्या तेवढंच राहिलं. त्या ब्रांचमध्ये गेल्या तर काउंटरवरच्या माणसाने सांगितलं की असं काही नसतं, हप्ता भरावाच लागेल, आणि त्या रडत परत आल्या. मग आम्ही बसून अर्ज लिहिला, त्यात मुदत वाढवून हप्ता कमी करा एवढंच मागितलं, सर्क्युलरची तारीख टाकली, पोच घेतली. तोच माणूस दुसऱ्या वेळी त्यांना आत मॅनेजरकडे घेऊन गेला. मुदत वाढली, हप्ता थोडा उतरला, आणि दादांना दुसरं काम लागेपर्यंत एकही बाउन्स झाला नाही. मोठी काही जादू झाली नाही, पण सिबिल वाचलं, आणि सिबिल वाचलं म्हणून पुढे दुसऱ्या बँकेत कमी दराने लोन ट्रान्सफर करता आलं.

आता हे ट्रान्सफरचं. पगाराची स्लिप नसलेल्या लोकांना, म्हणजे रिक्षावाले, भाजीवाले, ब्लाउज शिवणाऱ्या बायका, ह्यांना बँक उभं करत नाही, मग ते हाउसिंग फायनान्स कंपनीकडे जातात आणि तिथे बारा टक्के दर सहज लागतो. १० लाखाला २० वर्षांसाठी ९ टक्क्याला ८,९९७ आणि १२ टक्क्याला ११,०११, म्हणजे ज्याची कमाई कमी त्याचा हप्ता दोन हजारांनी जास्त. मला हे आजपर्यंत पटलेलं नाही. बँकांसारखं रेपोशी जोडायचं बंधन ह्या कंपन्यांना नाही, त्यामुळे दर वर लवकर जातो आणि खाली सावकाश येतो. पण दोन-तीन वर्षं हप्ते नीट गेले असतील, उत्पन्नाचं रिटर्न भरत असाल, तर बँकेत ट्रान्सफरसाठी नक्की विचारा. व्यक्तीच्या नावावरच्या फ्लोटिंग होम लोनला फोरक्लोजर चार्ज, म्हणजे कर्ज मुदतीआधी फेडल्याचा आकार, लावता येत नाही, बँकेलाही नाही आणि कंपनीलाही नाही. नव्या बँकेची प्रोसेसिंग फी, लीगल, नोटीस ऑफ इंटिमेशनचा (घर गहाण ठेवल्याची सरकारी नोंद) खर्च हे मात्र आधी लिहून घ्या आणि मगच ठरवा.

सरकारी मदतीचं आता. पंतप्रधान आवास योजनेचं जुनं व्याज अनुदान, ज्यात ६ लाखापर्यंतच्या कर्जावर ६.५ टक्के म्हणजे जास्तीत जास्त २ लाख ६७ हजार मिळायचे, ते कमी उत्पन्नवाल्यांसाठी ३१ मार्च २०२२ ला बंद झालं. अजूनही एजंट त्याच आकड्यावर फ्लॅट विकतात, २.६७ लाख परत मिळतील म्हणून सांगतात, ते आता नाही. सध्या आहे ती १ सप्टेंबर २०२४ पासूनची शहरी २.० योजना. त्यात घराची किंमत ३५ लाखापर्यंत, कर्ज २५ लाखापर्यंत, कार्पेट १२० चौरस मीटरपर्यंत, आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखापर्यंत चालतं. पहिल्या ८ लाखावर ४ टक्के व्याज अनुदान, १२ वर्षांपर्यंतच्या मुदतीवर मोजलेलं, एकूण जास्तीत जास्त १ लाख ८० हजार. हे एकरकमी येत नाही, पाच वर्षांत पाच हप्त्यांनी थेट लोन खात्यात जमा होतं, आणि प्रत्येक वेळी खातं चालू पाहिजे आणि निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी पाहिजे. म्हणजे ज्याचे हप्ते थकले आणि खातं बिघडलं त्याची पुढची मदतही अडकते. आधी जा, आधी जा असं मी का ओरडतेय ते ह्यावरून कळेल.

अटी सरळ आहेत, नवरा, बायको किंवा लग्न न झालेली मुलं ह्यांच्यापैकी कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नको, आणि गेल्या वीस वर्षांत सरकारी घरकुल योजनेचा फायदा घेतलेला नको. गावाकडच्या वडिलार्जित घरात नाव लागलंय का हे फॉर्म भरायच्या आधी ग्रामपंचायतीचा घराचा उतारा (नमुना ८) काढून बघा. अर्ज योजनेच्या सरकारी पोर्टलवर फुकट भरता येतो, सगळ्यांचे आधार, उत्पन्नाचा दाखला, बँक खातं एवढं हाताशी ठेवा, आणि लोन जिथून घेणार त्या बँकेलाही लोन घेतानाच सांगा की मला हे अनुदान हवंय. बाईच्या नावावर किंवा जोडीने घर घ्या. योजनेचा भर त्याच्यावर आहेच, शिवाय महाराष्ट्रात एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर स्टँप ड्युटीत एक टक्का सूट आहे, २५ लाखाच्या घराला पंचवीस हजार वाचतात.

पीएफ कटत असेल तर घराच्या कर्जासाठी त्यातून पैसे काढता येतात, फॉर्म ३१, आता ऑनलाइन होतं. कुणी म्हणेल म्हातारपणाचे पैसे आहेत, हात लावू नका. मी म्हणेन की बारा टक्क्यांचं कर्ज डोक्यावर असताना आणि घर जायची वेळ आली असताना लावा. ५० हजार मुद्दलात भरले आणि हप्ता कमी करून मागितला तर ९ टक्के आणि २० वर्षं बाकी असताना महिन्याला साधारण साडेचारशे कमी होतात. फक्त भरताना लेखी द्या की हे पार्ट पेमेंट मुद्दलात घ्या आणि हप्ता उतरवा, नाहीतर ते मुदत कमी करून मोकळे होतात.

आणि कृपा करून घराचा हप्ता भरायला मोबाइल ॲपवरून लोन काढू नका. महिला बचत गटाचंही नको. घराचं कर्ज हे बहुतेक वेळा घरातलं सगळ्यात स्वस्त कर्ज असतं, ते भरायला महाग कर्ज काढलं की दोन्ही बुडतात, आणि गटाचा हप्ता चुकला की शेजारच्या बायका दारात येतात ते वेगळंच.

हप्ते आधीच थकलेत त्यांच्यासाठी. १ एप्रिल २०२४ पासून बँकेला थकलेल्या हप्त्यावर दंडाचं व्याज लावता येत नाही, फक्त ठरलेला दंड लावता येतो आणि त्या दंडावर परत व्याज नाही. स्टेटमेंट तपासा, चुकीचं लावलेलं असेल तर काढून मागा. रिकव्हरीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, शिव्या द्यायच्या नाहीत, नातेवाइकांना, शेजाऱ्यांना सांगून बदनामी करायची नाही. तसं झालं तर तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवा, रेकॉर्डिंग ठेवा आणि बँकेला लेखी तक्रार द्या. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, माहितीसाठी नंबर १४४४८, फी काही नाही, वकील लागत नाही. लोन हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेकडे करायची.

नव्वद दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, होतं आणि मग सरफेसी कायद्याची (कोर्टात न जाता गहाण घर ताब्यात घ्यायचा कायदा) साठ दिवसांची नोटीस येते. ही नोटीस घरात आली की लोक ती कपाटात ठेवून देतात, घाबरून कुणाला दाखवत पण नाहीत. त्या साठ दिवसांत लेखी उत्तर द्या, बँकेला त्याचं कारणांसहित उत्तर पंधरा दिवसांत द्यावं लागतं. त्या काळात थकबाकी भरून किंवा सेटलमेंटचं बोलून खातं परत रुळावर आणता येतं. पुढे ताब्याची कारवाई झालीच तर पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत जाता येतं. आणि मूळ कर्ज आणि व्याज मिळून वीस टक्क्यांपेक्षा कमी बाकी राहिली असेल तर हा कायदा लागूच होत नाही, हे कितीतरी वकिलांनाही पटकन आठवत नाही.

वकिलाला कुठून पैसे आणायचे? जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, आपल्यासाठी ठाणे कोर्टात, तालुक्याला उल्हासनगर, कल्याण कोर्टातसुद्धा समिती असते. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला तिथे फुकट वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. लोन बहुतेक वेळा नवरा-बायको दोघांच्या नावावर असतं, तेव्हा अर्ज बाईच्या नावाने करा. हेल्पलाइन १५१००. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसालाही तिथे उत्पन्नाची अट नाही.

भाड्याने राहणाऱ्यांनी मला नेहमी विचारलंय की आमच्यासाठी काय. खरं सांगायचं तर साध्या कुटुंबाच्या हातात दर महिन्याला भाड्याचे पैसे देणारी योजना आपल्या राज्यात नाही, आणि ती असायला हवी असं माझं ठाम मत आहे, कारण ज्याला डाउन पेमेंट जमत नाही तोच सगळ्यात गरजू असतो आणि सगळं अनुदान कर्ज मिळणाऱ्याकडे जातं. शिकायला बाहेर राहणाऱ्या मुलांसाठी मात्र आहे. अनुसूचित जातीच्या मुलाला सरकारी हॉस्टेलमध्ये जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत जेवण, खोली आणि बाकी खर्चाचे थेट खात्यात पैसे येतात, मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरात वर्षाला ६० हजारांपर्यंत, आई-वडिलांचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत हवं. आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. तिथेही हॉस्टेलचा अर्ज आधी करावा लागतो.

आणि भाड्याचा करार रजिस्टर करून घ्या. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे ती जबाबदारी घरमालकाची आहे, आणि करार लेखी, रजिस्टर नसेल तर वादात भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. तोच कागद उद्या गॅसला, मुलाच्या शाळेला आणि पुढे स्वतःचं लोन काढताना पत्त्याचा पुरावा म्हणून लागतो.

कुणाला अर्जाचा मराठी नमुना हवा असेल तर कळवा, मी टाइप करून ठेवलाय, नाव आणि अकाउंट नंबर घातला की झालं.